लेपीला फरशी लागते

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'तांत्रिक सहायक' असं लिहिलं होतं, पण परळच्या त्या कॉलेजात सगळे मला 'टाकीवाल्या बाई' म्हणायचे. राग यायचा का? यायचाच. पण टाक्या मीच धुवायचे, मग बोलणार काय! लायब्ररीच्या मागे, पूर्वी जिथे सायकली लावायचे तिथे, आमची मासे वाढवायची प्रयोगशाळा होती. फायबरच्या नऊ टाक्या, हवेचा एक पंप, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि टँकरने येणारं खारं पाणी. त्या पाण्याचा वास माझ्या अंगाला इतका बसला होता की हिंदमाताला साडीच्या दुकानात शिरले की शेजारची बाई नाकाला रुमाल लावायची. लावू दे. मी साडी बघूनच बाहेर पडायचे.

त्या वर्षी आमच्याकडे लेपीची पिल्लं आली. लेपी म्हणजे तोच तो जिभेसारखा लांबट चपटा मासा, रवा लावून तव्यावर टाकला की कडेने कुरकुरीत होतो. आमच्या घरी तो माझ्या लहानपणापासून येतोय. पण जिवंत लेपी मी तोवर पाहिली नव्हती. ही पिल्लं हॅचरीत अंड्यातून काढलेली, करंगळीच्या पेराएवढी. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, थर्माकोलच्या खोक्यांत बसून आली. हा मासा जन्मतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो. उभा पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे. मग काही आठवड्यांत एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि हा पठ्ठ्या तळावर आडवा होतो, तो कायमचा. म्हणजे टाकी पुरुषभर खोल असली तरी ह्याचा संसार तळालाच. हे एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण ह्याच्यावरूनच झालं.

आमचे सर माटुंग्याचे. परदेशात शिकून आलेले, कायम इस्त्रीच्या शर्टात. वाईट माणूस नव्हे हो, दिवाळीला आम्हा सगळ्यांना स्वतःच्या हाताने फराळाचे डबे द्यायचे. त्यांचा सरकारी अनुदानाचा प्रकल्प असा होता की किनाऱ्यावरच्या बायकांच्या बचत गटांना टाकीत लेपी वाढवायला शिकवायची. त्यासाठी एक पुस्तिका काढायची, आणि एका टाकीत पिल्लं किती सोडायची हा आकडा आमच्या प्रयोगातून त्या पुस्तिकेत जायचा. सरांचं म्हणणं, पाण्यात ऑक्सिजन भरपूर सोडला तर नेहमीच्या तिप्पट पिल्लं सहज मावतात. जन्मभर त्यांनी वर-खाली पोहणाऱ्या माशांवर काम केलं होतं. त्या माशांना पाणी लिटरवर मोजून दिलं की झालं. तोच हिशोब त्यांनी लेपीला लावला.

आता मावशीबद्दल सांगते. भोईवाड्याच्या बाजारात कोपऱ्यावर बसणारी कोळीण. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आम्ही तिच्याकडून मासे घेतोय. जन्म गेला तिचा पाटी डोक्यावर वाहण्यात, गुडघे पार कामातून गेले होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे गेलं की तिचं गाव. तिथल्या बाराजणींचा गट तिने जमवला होता आणि सरांच्या प्रकल्पात नाव घातलं होतं, ते माझ्याच सांगण्यावरून. टाक्यांचं बांधकामसुद्धा झालं होतं. बाजारातली जागा तिने जावेला द्यायचं ठरवलं. "आता काय ते ह्या टाक्यांवर गो," ती मला म्हणाली होती. "माझं म्हातारपण त्या पाण्यात आहे बघ." हे ऐकून मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आपण कोणाचं तरी भलं केलं, असं.

आणि मग मला टाक्यांचा तळ दिसायला लागला.

आमच्या नऊ टाक्यांपैकी तीन विरळ होत्या, तीन मधल्या, तीन दाट. सगळ्यांत ऑक्सिजन सारखा. मीटर रोज छान आकडा दाखवायचा आणि मी तो इमानदारीत वहीत लिहायचे. पण टाकी धुणाऱ्या माणसाला वरून नाही, वाकून बघावं लागतं. नळी लावून तळाची घाण ओढताना मला दिसलं की दाट टाक्यांत पिल्लं एकावर एक चढून पडलीत. एक थर, त्यावर दुसरा, काही ठिकाणी तिसरा. वरची निवांत. खालच्यांचे कल्ले नुसते धापा टाकत होते. खाणं टाकलं की वरची चार दांडगी गिळायची, खालच्यांपर्यंत कण पोचायचा नाही. काहींच्या शेपट्या कुरतडलेल्या. विरळ टाकीत मात्र सगळी पसरून, ऐसपैस, एकमेकांना धक्का न लावता पडलेली.

मला ते कळायला पुस्तक लागलं नाही. भोईवाड्यात आमची दहा बाय बाराची खोली होती आणि आम्ही नऊ माणसं. गावाहून कोणी यायचं ठरलं की आई किती माणसं मावतील असं कधी विचारायची नाही. किती पथाऱ्या पडतील, असं विचारायची. छत चांगलं उंच होतं, पण छताला कोणी झोपतं का? मी सगळ्यांत धाकटी, म्हणून माझी पथारी खाटेखाली. "तू बारीक आसस, तू खाटेखाली नीज गो," आई म्हणायची. वर पंखा फुल्ल चालायचा. खाटेवर काकांची चादर उडायची आणि खाली मी घामाने चिंब. घरात वारा येतो का असं कोणी विचारलं असतं तर सगळ्यांनी 'येतो की!' म्हणून सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मला मात्र कोणी विचारलंच नाही.

मी सरांकडे गेले. "सर, दाट टाक्यांतल्या खालच्या पिल्लांना ऑक्सिजन मिळत नाहीये."

"मीटर बघितलात ना? फुल्ल आहे."

"मीटरची दांडी पाण्याच्या मधोमध लटकतेय, सर. मासे तळाला आहेत."

ते हसले. "अहो बाई, पाणी एकच आहे ना? मिसळतं ते. आणि सरासरी वजन वाढतंय, वही तुमचीच आहे."

"सरासरी चार दांडग्यांमुळे वाढतेय. बाकीची जिथल्या तिथे आहेत."

"तुम्ही टाक्या स्वच्छ ठेवा. निष्कर्षाचं मी बघतो."

टाळकंच सटकलं माझं. टाक्या स्वच्छ ठेवते म्हणून तर दिसतंय, हे वाक्य ओठांवर आलं होतं. तेव्हा गिळलं. आजही त्याचं वाईट वाटतं, बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी एक काम केलं. काचेच्या बशीत थोडं पाणी घेऊन एक पिल्लू ठेवलं, बशीखाली आलेखाचा कागद सरकवला आणि ते किती चौकोन व्यापतं ते मोजलं. मग रद्दी पेपरातून त्या मापाचे तुकडे कापत बसले, सरांच्या तिप्पट आकड्याएवढे. मोठ्या टेबलावर टाकीच्या तळाएवढा चौकोन खडूने आखला आणि त्यात तुकडे मांडायला घेतले. एक थर भरला, तरी हातात ढीगभर. दुसरा थर भरला, तरी तुकडे उरले. लायब्ररीतली बाई डोकावून म्हणाली, "काय, बालवाडी काढलीत की काय?" मी म्हटलं, "हो, ये, तुझं पण नाव घालते."

मग मी मीटरची दांडी हळूच तळापर्यंत उतरवली, दाट टाकीतल्या त्या ढिगाच्या मध्ये. आकडा घसरत घसरत मधल्या पाण्याच्या निम्म्याहून खाली आला. विरळ टाकीत तळालाही जवळजवळ वरच्याइतकाच. तिन्ही दाट टाक्यांत तेच. मी आठवडाभर रोज मोजलं आणि रोज वहीत लिहिलं, 'तळाशी', असं अधोरेखित करून.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण सर परिषदेला आणि तिथून पुढे महिनाभराच्या दौऱ्यावर गेले होते, आणि कोपऱ्यात खेकड्यांसाठी आणलेला एक रुंद, उथळ ट्रे धूळ खात पडला होता. मी राखीव पिल्लांतली मोजून तेवढीच पिल्लं, म्हणजे दाट टाकीतल्याइतकीच, त्या ट्रेमध्ये सोडली. पाणी घोट्याएवढं, टाकीच्या निम्मंसुद्धा नाही. पण तळ तिप्पट रुंद. पिल्लं अशी पसरली म्हणता! पहिल्याच दिवशी सगळ्यांनी खाल्लं. तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावर जे मांस धरलं ते दाट टाकीतल्या खालच्या पिल्लांना स्वप्नातही दिसलं नसेल.

सर परत आले, ट्रे बघितला. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "एक ट्रे म्हणजे प्रयोग नव्हे, बाई."

"मग तीन ट्रे द्या. परत करते."

"वेळ नाही. पुस्तिका छापायला गेलीये." मग त्यांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. निरीक्षण करणाऱ्याची सही, असं खाली लिहिलेलं आणि वर 'वर्तन सामान्य'. "वहीतलं ते तळाचं पान पुरवणीत नको. दांडी घाणीला लागली की आकडा चुकतो, हे तुम्हालाही माहीत आहे. सही करा."

"घाण मी आधी काढली होती, सर. मगच दांडी घातली."

ते मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मार्चमध्ये तुमचं कंत्राट नूतनीकरणाला येतंय ना?"

डोक्यात अशी सणक गेली! भीती वाटली नाही असं नाही. घरात कमावणारी मी एकटी, आईला धाप लागते, मुलगी अजून शिकतेय.  पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी कागद उलटा करून त्यांच्या बाजूला सरकवला आणि म्हटलं, "वर्तन सामान्य नाहीये. ना त्यांचं, ना आपलं." आणि टाक्या धुवायला निघून गेले. नळी दोनदा हातातून सुटली.

सकाळी मी मावशीकडे गेले. ती सुरमई कापत होती. म्हटलं, "मावशी, पुस्तिकेत येईल तो आकडा ऐकू नकोस. तिप्पट पिल्लं सोडलीस तर फसशील."

तिचा कोयता थांबला. "आत्ता सांगतेस? बाराजणींना मी शब्द देऊन बसले. मासे कमी म्हणजे वाटा कमी. कोणाला घरी पाठवू, बोल?"

"पण मावशी—"

"तुझं नि तुझ्या साहेबाचं वाजलंय, ते आमच्या पोटावर कशाला गो?" हे ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. शेजारच्या दोघी बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गटात तिला मीच आणलं होतं ना. तिने माझे बांगडे पिशवीत घातले, वर एक जास्तीचा टाकला, पण तोंड फिरवूनच.

त्याच दुपारी कॉलेजच्या फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. मावशी कमरेवर रिकामी पाटी घेऊन उभी आणि वॉचमन तिला अडवतोय. "मासे बघायला कोळणीला पास लागतो काय रे?" ती त्याला विचारत होती. मी तिला आत घेतलं.

ती एकेका टाकीपाशी वाकून बघत गेली, कंबर धरून. दाट टाकीपाशी खूप वेळ थांबली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. पण तिने पंपाकडे बोट दाखवलं. "ही हवा विजेवर ना? आमच्याकडे दुपारची लाईट रोज जाते. बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हणते ना. आणि तो बाटलाही."

मी क्षणभर विचार केला. मग पंप बंद केला, सिलिंडरचा कॉक फिरवला. बुडबुडे थांबले आणि खोली एकदम शांत झाली. विरळ टाकीत पिल्लं पडून राहिली, जशी होती तशी. दाट टाकीत आधी कल्ले भराभर हलायला लागले. मग खालची पिल्लं वरच्यांना ढकलून निघायला लागली, आणि जो मासा तळ कधी सोडत नाही तो तडफडत वर आला. दहा-बारा आली, मग पन्नासेक. तोंडं पाण्याबाहेर, आपटताहेत, उलटी पडताहेत, पाणी आमच्या अंगावर उडतंय. चहा पिऊन होईल एवढाही वेळ गेला नव्हता.

"चालू कर!" मावशी ओरडली. "चालू कर गो, मरतील ती!" तिने टाकीत दोन्ही हात घातले होते, जणू धरून ठेवणार होती त्यांना. मी पंप चालू केला.

तेवढ्यात सर दारात. "पंप कोणी बंद केला? कोणाला विचारून?"

"मी सांगितलं," मावशी म्हणाली. हात पुसायचे पण भान नव्हतं तिला. "आमच्या गावात तर रोज बंद होतो. तेव्हा तुम्ही येणार काय फुंकर मारायला?"

"त्यासाठी इन्व्हर्टर ठेवायचा, जनरेटर ठेवायचा, पुस्तिकेत सगळं दिलंय..."

मावशीने त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. माझ्याकडे वळली. "तुझा आकडा किती?"

मी सांगितला. सरांच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. तळावर एकच थर, आणि त्यातही मोकळी जागा राहील असा.

"हा अधिकृत आकडा नाही," सर म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "खरा आहे."

ते रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. त्या टाकीतली काही पिल्लं संध्याकाळपर्यंत मेली. मी ती मोजली, वहीत लिहिली, आणि पंप कोणाच्या हाताने बंद झाला तेही लिहिलं. लपवायचं कशाला?

मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं आणि पुढे वाढलं नाही. मला निरोपाचा चहासुद्धा मिळाला नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता केसांचो वास तरी जायत." आम्ही दोघी हसलो. मग मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले, कारण मला ते काम आवडायचं हो. कोणी काहीही म्हणो. आता दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. तिथे सगळं बरं आहे, पण काही जिवंत नाही.

पुस्तिका छापून आली ती सरांच्याच आकड्यासकट. किनाऱ्यावरच्या सगळ्या गटांना वाटायचा गठ्ठा मावशीच्या ताब्यात दिला, कारण सगळ्या गावांतल्या बायकांना ओळखणारी तीच. एका रविवारी तिने मला बोलावलं. बाजार उठल्यावर तिच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. ओटा धुतलेला, तरी खवले चिकटत होते. मी पुस्तिका उघडायचे, ते पान काढायचे, छापील आकडा रेघ मारून खोडायचे, शेजारी माझा आकडा लिहायचे, खाली 'दांडी तळाला लावून मोजा' असं लिहायचे आणि सही करायचे. पूर्ण नाव. मावशी पुस्तिका घेऊन पुढच्या ढिगावर ठेवायची. तिने एकदाच विचारलं, "तुला त्रास नाही ना होणार?" मी म्हटलं, "व्हायचा तो झाला."

बाराजणींतली एकही घरी गेली नाही. मासे कमी तर कमी, पण बायका बाराच राहतील, असं मावशीने सांगून टाकलं आणि टाक्यांच्या भिंती निम्म्यावर आणून तळ रुंद करून घेतला. पिल्लं सोडल्यावर चौथ्याच दिवशी तिथली लाईट दुपारभर गेली. मावशीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मी घाईघाईने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय व्हायचंय? पडल्यात पसरून. एक वर आली नाही." मी फोन ठेवला आणि कोणाच्या तरी रक्ताच्या नळीवर भलतीच चिठ्ठी लावली, मग काढून परत लावली.

सरांचा फोन त्यानंतर महिन्याभराने आला. लालबागला मिरची दळायला दिली होती, गिरणीबाहेर शिंकत उभी होते. नाव बघून आधी उचलणार नव्हते. त्यांचा आवाज चढलेला. कुठल्याशा गावात वरचे साहेब पाहणीला गेले होते आणि त्यांच्या हाती ती पुस्तिका पडली होती.

"छापील सरकारी पुस्तिकेत पेनने फेरफार केलाय कोणीतरी! सगळ्या प्रतींत! तुम्हाला कल्पना आहे का, हे कोणी केलं?"

"पान नीट बघा, सर," मी म्हटलं. "तुम्हाला माझी सही हवी होती ना? खाली आहे."